एक चमचा कमी

माझ्या थोरल्यानं, राजशेखरनं, जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला आणि वैशाखात आम्ही सगळे तिथं राहायला आलो, ते दोन हजार तेवीस साल. त्याच साली दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत ज्वारी निवडत बसले होते, तेवढ्यात खालच्या मजल्यावरची अंबुबाई चपला न काढताच आत आली. फोन तिनं दोन बोटांत धरला होता, मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तसा.

"निंगव्वा, कुटं हाय तुजी नात?"

"अंघोळीला गेलीय. काय झालं?"

"काय झालं? माजी भाकरी बघ की!"

फोनवर अंबुबाईच्या कडक भाकरीची चवड होती. ती चवड मी हजार वेळा पाहिली असेल, पण अशी नव्हे. भाकरी निळी होती. शेजारची शेंगाचटणीची वाटीही निळी होती.

"इख खाल्ल्यागत पडलीय," अंबुबाई म्हणाली. "ही बघून पुण्याची मानसं भाकरी मागवतील व्हय? पोलीस बोलावतील, पोलीस!"

आतून आवाज आला, "आण बघू इकडं."

मास्तर खुर्चीत बसून होते. मास्तर म्हणजे माझे यजमान. डायहाऊसमध्ये चौतीस वर्षं त्यांनी सुताला रंग दिला, तेव्हापासून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मीही इथं तसंच लिहिते. त्यांनी फोन घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ह्यात निळं कुठाय? चांगली पांढरीशुभ्र आहे."

अंबुबाईनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं.

ही सगळी करामत आदल्या संध्याकाळची. शिवानी, राजशेखरची मुलगी, पुण्याची नोकरी सोडून आली होती आणि घरी बसून लोकांची वेबपेजं करत होती. दुकानावर पाटी असते तशी ही फोनमधली पाटी, असं तिनं मला समजावलं होतं. अंबुबाई आणि तिच्या आठ बायका भाकरी-चटणी करून विकायच्या, त्यांचं पान तिनं हातात घेतलं होतं. दोन दिवस ती त्यावर अडली होती. मास्तर शेजारी खुर्ची ओढून बसले.

"काय अडलंय?"

"अज्जा, पानाच्या मागं एक फोटो असतो आणि एक रंग असतो. नुसता फोटो ठेवला तर वरची अक्षरं वाचता येत नाहीत. नुसता रंग ठेवला तर पान ओकंबोकं दिसतं. म्हणून दोन्ही एकमेकांत मिसळायचे."

"कसे?"

"बऱ्याच रीती आहेत. ही बघा, मल्टिप्लाय. फोटोतलं पांढरं असेल ते रंग पितं, काळं काळंच राहतं. ही दुसरी, स्क्रीन. हिच्यात काळं रंग पितं आणि पांढरं तसंच राहतं."

मास्तर पुढं सरकले. "पहिली रीत आमची. कोरं सूत टाकीत सोडलं की पितं. काळ्यानं रंग प्यालेला मात्र मी बघितला नाही."

"फक्त इथं रंग खाली असतो आणि फोटो वर."

"म्हणजे रंगावर सूत! उलटंच की गं तुमचं."

"ह्या रीतीत वरखाली केलं तरी तेच येतं, अज्जा."

"येणारच. निळ्यावर पिवळा दे नाहीतर पिवळ्यावर निळा दे, हिरवाच होणार." ते स्क्रीनकडं पाहत राहिले. फोटोत लाल चटणी होती, हिरवं फडकं होतं, आणि त्यात शिवानीचा रंग मिसळला की सगळं चिखलासारखं दिसत होतं. "आधी फोटो धुऊन घे. जुना रंग अंगात ठेवून नवा चढवला की गढूळच येतो. आम्ही सूत ब्लीच करून घ्यायचो."

शिवानीनं फोटोतला रंग काढून टाकला. भाकरी काळ्यापांढऱ्या जुन्या फोटोसारखी झाली. मग तिनं पुन्हा रंग मिसळला, तर स्वच्छ उतरला.

"अज्जा!" ती ओरडली. "दोन दिवस मी ह्यालाच डोकं लावून बसले होते."

निवृत्तीनंतर सहा वर्षांत मास्तरांचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. मग काय, थांबायला तयार नाहीत. "आता भाकरी पिवळट दिसतीय. पांढऱ्याला निळीचा हात लागतो. एक चमचा निळा दे."

शिवानीनं एक बटण ठरवलं. एकदा दाबलं की एक चमचा. "अजून एक," मास्तर म्हणायचे, "अजून पिवळंच आहे." असे सात चमचे झाले. मग ते मागं रेलले आणि म्हणाले, "साकु." म्हणजे आमच्या कन्नडात, पुरे. कामातला तो त्यांचा शेवटचा शब्द असे. शिवानीनं पान अंबुबाईला पाठवून दिलं.

ती आता अंघोळ करून बाहेर आली, ओल्या केसांना टॉवेल बांधलेला. अंबुबाईच्या हातातला फोन पाहून तिनं कपाळावर हात मारला आणि हसायलाच लागली.

"अय्यो! पिवळा पडदा! संध्याकाळ झाली की डोळ्यांना त्रास नको म्हणून माझी स्क्रीन आपोआप पिवळी होते. मी विसरलेच. अज्जा, आपण दोघं फसलो."

तिनं कॉम्प्युटर मास्तरांच्या मांडीवर ठेवला. "हे बघा, आता पडदा काढलेला आहे. दिसतंय ना निळं?"

"नाही."

"आणि हा पडदा घातला. आता?"

"तेच की."

"काढला."

तिनं पुन्हा घातला, पुन्हा काढला. मी मागं उभी होते. भाकरी लोण्यासारखी व्हायची आणि निळी व्हायची, लोण्यासारखी व्हायची आणि निळी व्हायची. शिवानीचं हसू हळूहळू गेलं. भांडायला आलेली अंबुबाई मुकाट्यानं दाराशी जाऊन चपला काढून आली आणि माझ्या सुपातली ज्वारी निवडायला बसली.

"निंगव्वा," मास्तर म्हणाले, "तुला फरक दिसतो?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण दुसऱ्या कशाबद्दल बोलले असते, रंगाबद्दल कसं बोलणार?

"दिसतो, री."

"किती?"

"लई."

त्यांनी कॉम्प्युटर मिटून बाजूला ठेवला. मग एकच शब्द बोलले. "जोतिराम."

जोतिराम त्यांचा मदतनीस होता. माढ्याकडचा धनगर, बारा वर्षं त्यांच्या हाताखाली. मास्तर सांगायचे आणि तो टाकीत रंग टाकायचा. सगळा रंग वजनावर असतो, पण शेवटचा हात डोळ्यावर असतो, आणि तो डोळा मास्तरांचा. दोन हजार सोळा साली टॉवेलच्या सुताची एक मोठी खेप पारव्या रंगात काढली. ती परत आली. व्यापारी म्हणाला, नमुन्यापेक्षा निळी आहे. मालकांनी मास्तरांना बोलावलं, तेव्हा मास्तर रागानं म्हणाले, "माझ्या डोळ्यासमोर रंग बरोबर होता. माझ्यामागं टाकीपाशी जोतिराम होता." एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून जोतिरामचं काम गेलं. रंगात हात घालतो असं नाव झालं, त्यामुळं दुसऱ्या कुठल्या डायहाऊसनं त्याला उभं केलं नाही. तो बिऱ्हाड घेऊन गावाकडं गेला.

मास्तरांनी नमुन्याच्या सुताची एक लडी आणि त्या खेपेतली एक लडी घरी आणली होती. त्या शेजारीशेजारी ठेवून मला दाखवल्या होत्या. "बघ, काडीचा फरक नाही. व्यापारी लबाड." कंदिलासारख्या मंद बल्बखाली मी पाहिल्या आणि हो म्हणाले. मी काय, ते म्हणतील ते हो म्हणायची. "जोतिरामला मालकांनी काढलं, मी नाही," असंही ते म्हणायचे. कुणी विचारलेलं नसताना म्हणायचे.

डोळ्यांच्या डॉक्टरनं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. पिकलेला, पिवळा.

"हळूहळू येतो आजोबा, त्यामुळे माणसाला कळत नाही. निळा रंग आधी जातो."

"सात वर्षांपूर्वी असेल का?"

"सुरुवात असणारच."

मास्तरांनी मान हलवली. त्यांना ऑपरेशन दुखेल का, किती दिवस लागतील, काही विचारायचं नव्हतं.

डिसेंबरात उजवा डोळा केला. पट्टी निघाली त्या दिवशी घरी आल्या आल्या ते माझ्याकडं पाहत म्हणाले, "तुझे केस एवढे पांढरे झालेत होय?" मी म्हणाले, "तुमचे कुठं काळे राहिलेत?" मग त्यांनी ट्रंक उघडायला सांगितली. दोन्ही लड्या काढून गॅलरीतल्या उन्हात मांडल्या. उजवा डोळा हातानं झाकला. मग डावा झाकला. असं कितीतरी वेळ. शेवटी मला म्हणाले, "ह्या डोळ्यानं एक आहेत. ह्या डोळ्यानं दोन आहेत."

मी नीट पाहिलं. भर उन्हात कुणालाही दिसलं असतं.

डॉक्टर म्हणाले होते, महिन्याभरानं डावा करू. मास्तर म्हणाले, "घाई नाही. आधी माढ्याला जाऊन येऊ. हा डोळा तोवर असू दे. जोतिरामला दाखवायला पाहिजे."

संक्रांत झाल्यावर आम्ही दोघं एसटीनं निघालो. काळा चष्मा, मांडीवर पिशवी, पिशवीत लड्या. माढ्याच्या पुढं रिक्षानं चार किलोमीटर गेल्यावर वस्ती लागली. एक बाई शेरडांना पाणी दाखवत होती. जोतिरामची बायको केराबाई. तिनं मास्तरांना ओळखलं, पण बादली खाली ठेवली नाही.

"सात वर्सांनी वाट घावली व्हय मास्तरला? का माज्या शेरडांस्नी रंग द्यायला आलाव?"

आतून जोतिराम आला. दाढी पांढरी झाली होती.

"आगं, बसू तर दे त्यास्नी. या मास्तर. वयनी, या. लई वाळलाव की मास्तर."

बाज टाकली. मास्तर बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी पिशवीतून लड्या काढल्या. "जोतिराम, हा नमुना, ही आपली खेप. माझ्या डोळ्यात दोष होता. रंग निळा झाला तो माझ्यामुळं. मी तुझं नाव घेतलं."

जोतिरामनं लड्या हातात घेतल्याही नाहीत. "मला म्हाईत हाय की."

"काय माहीत आहे?"

"तुमचं निळं वाडलं हुतं त्ये. त्याच्या आदल्या वर्सापासनं. तुमी चार चमचं म्हनला की मी तीन टाकायचो. पाच म्हनला की चार. एक चमचा कमी. रंग बराबर यायचा आन् तुमी माज्या पाटीवर थाप मारायचा."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिशी मालक टाकीपशी हुभं हुतं. त्यांच्या म्होरं तुमचा शबुद कसा मोडू? म्हनला तेवडंच टाकलं."

मास्तर बाजेवर बसले. मी त्यांच्या खांद्याला हात लावला.

"मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं हुतं एक डाव. तुमी म्हनला, जोत्या, डोळं कुटं इसरून आलास?" जोतिराम हसला. तो एकटाच हसला.

"मी मालकांना जाऊन सांगतो."

"कंच्या मालकास्नी? डायहाऊस बंद हून तीन वर्सं झाली. तितं आता मंगल कार्यालय हाय. परवा आमच्या पाव्हण्याचं लगीन झालं तितंच. टाकी हुती तितं जेवलो मी."

"मग काय करू मी?" मास्तरांनी विचारलं. तो आवाज मी पन्नास वर्षांत ऐकला नव्हता.

केराबाईनं बादली खाली ठेवली. "मी सांगते काय करायचं त्ये. आमाला न्हाय, पोरीला सांगा. आटवीत हुती ती. सोलापूरच्या साळंत पोरी तिला म्हनायच्या, तुज्या बापानं कारखान्यात घाण केली. ती साळा सुटली, हितल्या साळंत घातली, पर अजून बापाबरं बाजाराला जायाचं म्हनलं की मान खाली घालून चालती. प्रियंका! ये भायेर. दाराआड हुबी हायस, म्हाईत हाय मला."

वीस वर्षांची मुलगी बाहेर आली. माढ्याच्या कॉलेजात जात होती. मास्तर उठले. तिच्यापेक्षा बावन्न वर्षांनी मोठा माणूस, पण उठून उभे राहिले आणि चष्मा काढला.

"प्रियंका, ह्या दोन लड्या उन्हात नेऊन बघ."

तिनं नेल्या. वळून म्हणाली, "वेगळ्या आहेत की. ही निळी आहे."

"तुला दिसतंय. तुझ्या बापालाही दिसत होतं. मला दिसत नव्हतं आणि ते मला कळलंही नव्हतं. तुझा बाप वर्षभर माझी चूक निस्तरत होता, आणि ज्या दिवशी त्यानं माझं ऐकलं त्याच दिवशी मी त्याच्याकडं बोट दाखवलं. त्यानं घाण केली नाही. मी केली."

मुलगी बापाकडं पाहत होती. जोतिराम शेरडाच्या गळ्यातली दोरी विनाकारण सोडत होता आणि बांधत होता.

"ह्या मी ठेवू का?" तिनं विचारलं.

"ठेव," मास्तर म्हणाले. "तुमच्याच आहेत."

मग केराबाई म्हणाली, "च्या ठिवते. शेळीच्या दुदाचा हाय. चालत नसंल तर आत्ताच सांगा."

"चालतो," मास्तर म्हणाले. दोन कप प्याले.

परत येताना एसटीच्या खिडकीतून ते एक डोळा झाकून उसाकडं पाहत होते, मग दुसरा झाकून. मी विचारलं, "कुठला चांगला?"

"नवा खरा आहे," ते म्हणाले. "पण जुन्या डोळ्यानं बघितलं की सगळीकडं दिवेलागण झाल्यासारखं दिसतं. बरं वाटतं."

अंबुबाईचं पान त्यांनी आणि शिवानीनं पुन्हा केलं. ह्या वेळी दिवसा बसले, पडदा काढून. शिवानी चमचा टाकायची आणि मास्तर जुना डोळा झाकून पाहायचे. दोन चमच्यांवर "साकु" म्हणाले. भाकरी भाकरीसारखी दिसली. अंबुबाईनं फोन नीट दोन्ही हातांत धरून पाहिला. "आत्ता कशी चुलीवरनं उतरल्यागत हाय," म्हणाली आणि चटणीचा डबा ठेवून गेली. त्यानंतर शिवानीनं तीन पानं केली, एक क्लासचं, एक ट्रॅक्टरच्या दुकानाचं, एक फुलवाल्याचं. तिन्हींचे रंग मास्तरांनी पाहून दिले. फुलवाल्याच्या पानासाठी तर त्यांनी स्क्रीन नावाची ती दुसरी रीत मागितली. काळं रंग कसं पितं ते त्यांना बघायचं होतं. झेंडूच्या मागचा अंधार तांबूस झाला तेव्हा ते लहान मुलासारखे हसले. "निंगव्वा, नोडु!" म्हणाले. बघ.

डाव्या डोळ्याची तारीख मिळाली होती, अठ्ठावीस मार्च. तिथवर गेलो नाही. महाशिवरात्रीनंतर तीन दिवसांनी सकाळी पूजा करून ते गॅलरीतल्या खुर्चीत बसले, आणि मी चहा घेऊन गेले तेव्हा मान कलली होती.

जोतिरामला कुणी कळवलं मला माहीत नाही. दुपारी तो आला, केराबाई आणि मुलगी बरोबर होत्या. घर माणसांनी भरलं होतं. शिवानी कोपऱ्यात बसून लोकांना पाठवायची बातमी करत होती. मास्तरांचा पांढऱ्या सदऱ्यातला फोटो होता, आणि मागचा रंग तिला जमत नव्हता. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"अज्जी, बघ ना. मला काही कळत नाहीये."

जोतिराम तिच्या मागं येऊन उभा राहिला. थोडा वेळ पाहत राहिला.

"निळं वाईच जास्त झालंय, बाळ," तो म्हणाला. "एक चमचा कमी कर."

शिवानीनं कमी करायचं बटण एकदा दाबलं. सदरा पांढरा झाला.

खाली तिनं मजकूर लिहिला होता. तो तिनं मला तपासायला दिला. मी अक्षरं पन्नाशीनंतर शिकले, तिच्याच पहिलीच्या पुस्तकावर, त्यामुळं एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचते. त्यांचं नाव मी आजवर तोंडातून घेतलं नव्हतं. सगळ्यांसमोर वाचलं. गुरुशांत चनबसप्पा उंबरजे, वय बहात्तर, सोमवार दिनांक ११ मार्च २०२४ रोजी सकाळी सव्वासात वाजता वारले.